‘उचल्या’ : एका कृदन्ताची जात

‘उचलणे’ या धातूपासून मराठीत घडलेल्या शब्दांपैकी तीन शब्द धाराशिव जिल्ह्यात एकाच हंगामात कानी पडू शकतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या मजुराला मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम मिळते ती ‘उचल’. एखाद्या वस्तीवर पहाटे पोलिसांची गाडी येते, संशयावरून दोनचार तरुणांना घेऊन जाते. त्यांना ‘उचलले’ असे म्हणतात. आणि धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात राहत आलेल्या एका जमातीला जी अनेक नावे चिकटली, त्यांतले एक ‘उचल्या’. तिन्ही ठिकाणी मूळ क्रिया एकच आहे. तिच्याभोवतीचा नैतिक हिशेब मात्र सारखा नाही. उचल घेणारा ऋणको ठरतो, माणसे उचलणारा आपले कर्तव्य करीत असतो, आणि उचल्या काहीही न उचलता, पाळण्यात असतानाही, उचल्याच असतो. पहिल्या दोन ठिकाणी शब्द एका कृत्याचे वर्णन करतो. तिसऱ्या ठिकाणी तो जन्माचे वर्णन करतो.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘उचल्या’ हे धातूला ‘-या’ प्रत्यय लागून सिद्ध झालेले कर्तृवाचक कृदन्त आहे. अशी रूपे स्वभावतः कुणाचा अवमान करीत नाहीत. गोष्टीतला लाकूडतोड्या तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांपुढे प्रामाणिकपणाचा आदर्श म्हणून उभा केला गेला आहे. तथापि या प्रत्ययाची सामाजिक वस्ती कोणती, हे पाहण्याजोगे आहे. दगडफोड्या, पाणक्या, फुकट्या, भटक्या अशा शब्दांच्या शेजारी तो बहुधा आढळतो : जेथे श्रम अंगमेहनतीचा आहे, किंवा संशय आहे, किंवा उपहास. लेखक, संपादक, संचालक, व्यवस्थापक यांना संस्कृत प्रत्ययाचे आसन मिळते. चोरीच्या शब्दसंपत्तीतही हाच भेद आहे. खिशातले पाकीट जाते तेव्हा मराठी वाक्यात चोर हा कर्ता असतो. पतसंस्थेतल्या ठेवी जातात तेव्हा ‘गैरव्यवहार झाला’, ‘अपहार उघडकीस आला’ अशी अकर्मक वाक्ये येतात. तेथे क्रिया आपोआप घडते, आणि घडवणाऱ्याची जात तर राहोच, नावही वाक्यात यावे लागत नाही.

एखाद्या जनसमूहाविषयीची दृष्टी शब्दांमुळे घडते, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा सामान्यतः शिवी आणि सन्मानदर्शक शब्द यांचा विचार होतो. वाईट शब्द काढून चांगला घातला की काम झाले असे गृहीत धरले जाते. धाराशिव आणि त्याच्या शेजारचा मुलूख या समजुतीची परीक्षा पाहणारा आहे. येथे ज्या शब्दांनी नुकसान केले ते बहुतेक मूळचे शिव्या नव्हते. ते क्रियेचे, धंद्याचे, कसबाचे शब्द होते. कर्तृवाचक शब्द जातिवाचक झाला, करणारा हा असणारा झाला, त्या क्षणी इजा झाली. हा क्षण मराठी समाजाने एकट्याने घडवला नाही आणि इंग्रजी राज्याने शून्यातून निर्माण केला असेही नाही. जन्मावरून माणसाचे कर्म ठरवण्याची सवय येथे जुनीच होती. तिला कायद्याची, नोंदवहीची आणि कोशाची भाषा मात्र एकोणिसाव्या शतकात मिळाली.

या भाषेच्या घडणीतला एक महत्त्वाचा लेखक याच जिल्ह्याचा कारभारी होता. निजामाशी १८५३ मध्ये झालेल्या तहानंतर वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा पश्चिमेकडील प्रदेशही इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला, आणि नळदुर्ग हे ठाणे करून फिलिप मेडोज टेलर यांनी त्याचा कारभार पाहिला. १८५७ पर्यंत ते येथे होते. मुलूख १८६० च्या तहाने निजामाकडे परत गेला. टेलर यांची कीर्ती तोपर्यंत इंग्लंडमध्ये पसरली होती ती १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे. अमीर अली नावाच्या ठगाने आपल्या खुनांची कहाणी स्वतःच सांगावी, अशी तिची रचना आहे. तिच्या आधी तीन वर्षे, १८३६ मध्ये, स्लीमन यांनी कलकत्त्याहून ठगांच्या तथाकथित गुप्त भाषेचा कोश ‘रामसीआना’ या नावाने प्रसिद्ध केला होता, आणि त्याच वर्षी ठगांच्या टोळीचा सभासद असणे हाच जन्मठेपेस पुरेसा गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता. कोश, कायदा आणि कादंबरी अशी ही तीन-चार वर्षांतली संगती आहे. तिघांनी मिळून एक शब्द इंग्रजीला दिला, आणि तो देताना त्याचा अर्थ बदलला.

मराठीत ‘ठक’ हा फसवणारा आहे. ‘ठकवणे’ या क्रियापदात रक्त नाही. ‘ठकास महाठक’ या म्हणीत तर चातुर्याविषयीचे किंचित कौतुकच आहे. ज्याला ठकवले त्याच्याविषयी तिला फारशी सहानुभूती नाही. आज ठक असलेला माणूस उद्या ठकवला जाऊ शकतो, हा त्या शब्दाचा लोकव्यवहारातला स्वभाव. इंग्रजी कागदपत्रांत गेल्यावर हा शब्द एका पंथाचे, एका देवतेच्या उपासकांच्या आनुवंशिक बिरादरीचे नाव झाला. टेलर हे दुष्ट हेतूचे लेखक नव्हते. नळदुर्गात त्यांनी जमीनमोजणी, महसूल आणि रस्ते यांत मन घातले. पुढे १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीत त्यांनी तुळजापूरची एक ब्राह्मणकन्या नायिका म्हणून रंगवली, आणि तेथला भवानीचा डोंगर त्यांच्या गद्यात प्रेमाने आला आहे. म्हणूनच त्यांचे उदाहरण अधिक बोधक ठरते. अमीर अलीला बोलू देणारा लेखक त्याला त्याच्या तोंडूनच जन्मजात गुन्हेगार करून सोडतो. आत्मनिवेदनाचा घाट हा नेहमी निवेदकाच्या मुक्तीचाच असतो, असे नाही. मराठीत दीडशे वर्षांनंतर, याच मुलखातून, एका माणसाने हाच घाट उलट्या दिशेने वापरला. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

१८३६ च्या कायद्यात अजून ‘टोळी’ होती. टोळीत माणूस शिरतो, बाहेरही पडू शकतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळी, जमात आणि वर्ग हे तीन शब्द ‘किंवा’ या अव्ययाने एका ओळीत बसवले. कायद्याच्या इतिहासात या अव्ययाचा विचार फारसा झालेला नाही, पण शब्दांच्या इतिहासात तो व्हायला हवा. ‘टोळी किंवा जमात’ असे म्हणताच टोळीचा गुन्हा जमातीला लागतो आणि जमातीचा जन्म टोळीला. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश मुलखात पोहोचला. नळदुर्ग-धाराशिवचा भाग निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश कायदा येथे थेट लागू नव्हता, परंतु हैदराबाद राज्यानेही अशा जमातींवर नोंदणीची आणि हजेरीची बंधने घातली. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि त्या भाषेतला शब्द होता ‘जरायम पेशा’.

या तीन भाषांतील तीन संज्ञा शेजारी ठेवल्या की त्यांतला फरक दिसतो. ‘जरायम पेशा’ म्हणजे गुन्हे हाच ज्यांचा पेशा आहे असे लोक. पेशा हा निदान सोडता येतो, बदलता येतो. शब्दाच्या पोटात ती फट शिल्लक आहे. इंग्रजीतील संज्ञेने पेशाची जागा वंशाला दिली. मराठीने ‘गुन्हेगार जमात’ असा शब्द केला. ‘गुन्हेगार’ हा फारसीतून आलेला शब्द, त्यातील ‘-गार’ हा करणाऱ्याचा प्रत्यय. म्हणजे तोही कर्तृवाचकच. गुन्हा करील तो गुन्हेगार. त्याच्यापुढे ‘जमात’ ठेवले की व्याकरण मोडते, कारण जमात ही काही करीत नाही, जमातीत जन्म होतो. मराठी वाचकाला हे मोडणे खटकले नाही. व्याकरण जेथे मोडले तेथे जातिव्यवस्थेचा अनुभव त्याला सांधून घेत होता, हेच त्याचे कारण.

सीमेपलीकडे सोलापूर होते. मुंबई इलाख्यातील कापडगिरण्यांच्या त्या शहरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहती उभ्या राहिल्या. तारेच्या कुंपणाआतली माणसे गिरण्यांत मजुरीला जात आणि हजेरीला परतत. या वसाहतींना ‘सेटलमेंट’ म्हणत. तो इंग्रजी शब्द सोलापूरकरांच्या तोंडी इतका रुळला की कुंपण गेल्यानंतरही तो एका वस्तीचे नाव म्हणून राहिला. ‘सेटलमेंट’ म्हणजे स्थिरावणे, असा त्याचा मूळ अर्थ. ज्यांना तेथे बळाने बसवले त्यांच्या बाबतीत तो शब्द कैदेचा होता, आणि तेथून सुटलेल्यांच्या भागाला ‘फ्री कॉलनी’ म्हटले गेले. मुक्तीलाही पत्ता द्यावा लागला.

पोलिसी वाङ्मयाचे स्वतःचे एक गद्य तयार झाले होते. गुंथॉर्प यांचे १८८२ चे पुस्तक आणि मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांचे १९०८ चे पुस्तक ही त्याची ठळक उदाहरणे. त्यांत एकेक जमात हे एकेक प्रकरण असते. वेश, बोली, सांकेतिक शब्द, चोरीची पद्धत असा आराखडा ठरलेला. भामटे आणि उचले यांचे प्रकरणही या साच्यात येते. या गद्यात ‘ते’ हा सर्वनामाचा एकच प्रयोग आहे, काळ नेहमीचा चालू वर्तमान आहे. ‘ते अमुक करतात’ या वाक्याला ना तारीख असते ना साक्षीदार. शाळेच्या पुस्तकात पशुपक्ष्यांच्या सवयी ज्या काळात सांगितल्या जातात, त्याच काळात. निंदेचा एकही शब्द न वापरता केवळ क्रियापदाच्या काळाने माणसाला जातीच्या पिंजऱ्यात बसवता येते, याचे हे नमुने आहेत. सवयीच्या वर्तमानकाळाकडे मराठी समीक्षेचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही.

‘भामटा’ या शब्दाचे मराठीत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच बहुधा दिसत नाही. वृत्तपत्रात रोज कुठेतरी एखादा भामटा कुणाला तरी गंडा घालतो. बनावट दागिने विकणारा, फोनवरून बँकेचा क्रमांक विचारणारा, नोकरीचे आमिष दाखवणारा, सगळे भामटे. लिहिणाऱ्या उपसंपादकाच्या मनात कोणतीही जमात नसते. पण महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ हे एका जातीचे नाव आहे, आणि तिच्या पोटजातींत टकारी, पाथरूट, कामाटी यांच्याबरोबर ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ हीही नावे आहेत. टकारी हा टाकीवरून आलेला शब्द. जात्या-पाट्यांना टाकी लावून देण्याचे काम करणारे ते टकारी. एकाच समूहाला कुठे त्याच्या कामावरून नाव मिळाले, कुठे त्याच्यावरील आरोपावरून. टाकी लावणाऱ्याच्या दाराशी जात आणणारी गृहिणी आणि चोरीचा तपास करणारा शिपाई यांनी त्याच माणसाला दोन वेगळी नावे दिली. यादीने दोन्ही नोंदवली. मराठी कोशात आणि बोलण्यात मात्र दुसऱ्याचाच प्रसार झाला.

‘बेरड’ची गत अशीच. निलाजऱ्या, कोडग्या माणसाला मराठीत बेरड म्हणतात, आणि बेरड ही एक जमातही आहे. टेलर नळदुर्गास येण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरापूर संस्थानावर नेमलेले होते, ते संस्थान बेडरांचे. तेथला अल्पवयीन राजा त्यांच्या देखरेखीखाली वाढला आणि पुढे १८५७-५८ च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध गेल्याने त्याचा शेवट झाला. कर्नाटकाच्या त्या टोकाला बेडर हा राजा होता, मराठीच्या या टोकाला ते एक विशेषण. भीमराव गस्ती यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बेरड’ हेच नाव दिले, तेव्हा त्यांनी विशेषणाचे पुन्हा नाम केले.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. ज्यांच्यावरील शिक्का निघाला त्यांना ‘विमुक्त’ म्हटले गेले. शब्द देखणा आहे. संस्कृत परंपरेत त्याला मोक्षाचा गंध आहे. पण तो कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे : कुणीतरी यांना मुक्त केले. कशापासून, हे तो सांगत नाही. कुणी बांधले होते, हे तर नाहीच. गुन्हा ज्यांच्यावर लादला त्यांच्या नावातून लादणारा नाहीसा झाला आणि सोडणारा तेवढा राहिला. शिवाय या शब्दाची जोडी लागली ती ‘भटक्या’शी. ‘भटक्या’ हा पुन्हा तोच ‘-या’ आणि पुन्हा तीच वस्ती. मराठीत भटकणे म्हणजे हेतूवाचून फिरणे. पालिका ज्यांचा बंदोबस्त करते ती कुत्रीही भटकीच. वस्तुतः लमाणांचे मिठाधान्याचे तांडे, वैदूंच्या फेऱ्या, वडारांचे कामामागून जाणे, पारध्यांचे शिकारीच्या ऋतूप्रमाणे हलणे यांना वाटा होत्या, मुक्काम होते, वेळापत्रक होते. ते हिंडत, फिरत, जात, येत. भटकत नव्हते. कायद्याने गुन्ह्याचा शब्द काढला, पण कल्याणाच्या शब्दकोशाने निरर्थक फिरण्याचा शब्द जोडला. शिक्का पुसला गेला आणि त्याच जागी दुसरे मत उमटले, ते सहानुभूतीच्या शाईने.

लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म त्याच १९५२ मधला, लातूर तालुक्यातील धनेगावचा. लातूर तालुका तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. म्हणजे ‘उचल्या’ या १९८७ च्या आत्मकथनातील बालपण हे याच जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे, हे समीक्षेत क्वचितच सांगितले जाते. पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याविषयी बरेच लिहिले गेले. पण ज्या शब्दांत ते लिहिले गेले ते शब्दही तपासण्याजोगे आहेत. ‘अनोखे विश्व’, ‘अपरिचित जग’, ‘दाहक अनुभव’ हे त्या काळच्या परीक्षणांतील परवलीचे शब्द. कुणाला अपरिचित? ज्या गावात उचल्यांची पाले होती त्या गावातील पाटलाला ते जग पुरेपूर परिचित होते, ठाण्यातील हवालदाराला तर नावानिशी. ‘अपरिचित’ या विशेषणाने वाचक म्हणजे कोण, हे ठरवून टाकले. आणि पोलिसी पुस्तकांतील कुतूहलाची जागा वाङ्मयीन कुतूहलाने घेतली. अनुभव ‘दाहक’ म्हटला की त्याची रचना, त्याची भाषा, त्याचा विनोद यांचा विचार टळतो. विस्तवाला कुणी शैली विचारत नाही.

एक बाब आणखी बोचरी आहे. दुसऱ्याच्या ओळी, कल्पना, कथानके विनापरवाना घेण्याला मराठी समीक्षा सर्रास ‘उचलेगिरी’ म्हणत आली आहे. ‘वाङ्मयचौर्य’ हा प्रतिष्ठित शब्द उपलब्ध असता लेखणीला धार हवी तेव्हा ‘उचलेगिरी’ येते. ‘उचल्या’ला पुरस्कार मिळाल्यानंतरही हा वापर थांबला नाही. साहित्याच्या ज्या व्यवहाराने त्या पुस्तकाचा गौरव केला, त्याच्या स्वतःच्या पारिभाषिक शब्दसंग्रहात त्या जमातीचे नाव चोरी या अर्थाने सुखाने नांदत राहिले. येथे दुष्टबुद्धी शोधणे व्यर्थ आहे. दुष्टबुद्धी असती तर तिचा प्रतिवाद सोपा होता.

गायकवाडांनी शीर्षकात नेमके काय केले? दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, गस्तींचे ‘बेरड’, पुढे किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ अशी एकेका नामाची शीर्षके या प्रवाहात दिसतात. हा शिवी ‘उलटवण्याचा’ प्रकार आहे, असे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ‘उचल्या’बाबत ते अपुरे आहे. त्या पुस्तकात चोरी आहे. ती लपवलेली नाही, तिचे शिक्षण, तिच्यासाठी सोसायचा मार, तिच्यातून न भरणारे पोट हे सारे आहे. लेखक ‘आम्ही उचलत नव्हतो’ असे म्हणत नाही. तो उचलण्याला पुन्हा क्रिया करतो. कोण उचलतो, कधी, कुणाच्या भीतीने, भुकेच्या कोणत्या दिवशी, मिळालेल्यातला वाटा कुणाकडे जातो, हे तपशील येताच ‘उचल्या’ हे जातीचे नाव सैल पडते आणि त्याखालचे कृदन्त दिसू लागते. आणि शाळेत गेलेला मुलगा, पुढे गिरणीत काम करणारा, कामगारांची संघटना बांधणारा, तोही उचल्याच म्हणवला जातो, तेव्हा शब्द आणि कृत्य यांतले अंतर वाचकाला स्वतः मोजावे लागते. अमीर अलीने आपल्या तोंडाने कृत्याचे कुळ केले होते. येथे कुळाचे पुन्हा कृत्य झाले. घाट तोच, दिशा उलटी.

हे नेमके कुठे हरवते ते इंग्रजी भाषांतराच्या नावात दिसते. साहित्य अकादमीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषांतराचे शीर्षक ‘द ब्रँडेड’, म्हणजे डागलेला. शीर्षक अर्थपूर्ण आहे, न्याय्यही आहे. पण मराठीतला कर्ता इंग्रजीत कर्म झाला. उचल्या काहीतरी करतो. डागलेल्यावर काहीतरी केले गेले आहे. कर्तरी प्रयोगाचा अवघडपणा, वाचकाला दोषी आणि निर्दोष या दोन्ही शब्दांची एकाच वेळी अडचण करणारा, कर्मणीत सुटतो. करुणेला कर्मणी प्रयोग फार मानवतो.

धाराशिव जिल्ह्यात आज या प्रश्नाचा सर्वांत ठळक चेहरा पारध्यांचा आहे. ‘पारध’ म्हणजे शिकार, ‘फासे’ म्हणजे तितर-लाव्हे धरण्याचे जाळे. फासेपारधी हे कसबाचे नाव. शिकार कायद्याने बंद झाली, कसब गेले, नाव उरले, आणि बातमीत त्याला ‘टोळी’ हे उपपद कायमचे लागले. इतर जातींतील चौघे दरोड्यात सापडले तर बातमी त्यांची वये सांगते; पारधी सापडले तर जात सांगते. जिल्ह्यात त्यांच्या वस्तीला ‘पारधी पेढी’ किंवा ‘पारधी पिढी’ म्हणतात, आणि आरोपीच्या पत्त्यात तो शब्द येतो, म्हणून जात निराळी लिहावीच लागत नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचे धोरण स्वीकारले; समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. गावकुसाबाहेरच्या ज्या वस्त्यांना महसुली कागदात नावच नाही, त्यांना बदलण्यासाठीही आधी नाव असावे लागते. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी येथे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पारध्यांच्या आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभी राहिलेली शाळा ‘एकलव्य’ या नावाने ओळखली जाते. धनुर्धराची परंपरा त्या मुलांना मिळावी हा हेतू उघड आहे, आणि तो स्तुत्य आहे. परंतु एकलव्य या नावात अंगठाही येतो.

शब्द बदलावा की ठेवावा, हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते मे २०२३ मध्ये दिसले. छत्रपती संभाजीनगर येथे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ‘राजपूत भामटा’ या जातिनामातील ‘भामटा’ हा शब्द काढण्याची घोषणा केली. वरवर पाहता हा कलंक पुसण्याचाच निर्णय. विमुक्त जातींच्या संघटनांनी त्याला विरोध केला. ‘भामटा’ गेला तर यादीत ‘राजपूत’ तेवढा राहील, आणि ज्यांच्या पूर्वजांची कधी हजेरी झाली नाही तेही विमुक्तांच्या सवलतीचे हक्कदार ठरतील, ही भीती निराधार नव्हती. ज्या शब्दाने दीडशे वर्षे अपमान केला तोच शब्द आता दाराची कडी आहे. शब्दशुद्धीच्या कोणत्याही योजनेने या कडीचा विचार केलेला नाही. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्याचे नाव बदलताना कुणाच्या शाळेतील जागेचा प्रश्न येत नव्हता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिनिष्ठ तरतुदी रद्द केल्या. विमुक्त जमातींना जन्मजात सवयीचे गुन्हेगार मानणारी भाषाही त्यांत होती. १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला, त्याचे विशेषण २०२४ पर्यंत नियमावलीत राहिले. ‘सराईत’ या मराठी शब्दाबद्दल न्यायालयाला काही म्हणायचे कारण नव्हते. तो ठाण्याच्या आणि बातमीच्या भाषेत आहे, कायद्याच्या नव्हे.

महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला मिळवण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवास आणि जातीचा पुरावा पुढे करावा लागतो. ज्या घरातील पहिला मुलगा शाळेत १९६१ नंतर गेला, त्या घराजवळ शाळेची नोंद नसते, जमिनीचा उतारा नसतो. आजोबांचे नाव सरकारी कागदावर असलेच तर ते हजेरीच्या वहीत असण्याचा संभव अधिक, आणि धाराशिवच्या बाबतीत १९४८ पूर्वीची ती वही उर्दूत. नातवाला तहसील कार्यालयात त्या ओळीचे भाषांतर द्यावे लागेल, आणि भाषांतरकाराला ‘जरायम पेशा’ या शब्दांसाठी अर्जाच्या रकान्यात बसेल असा एक मराठी शब्द निवडावा लागेल.